जळक्या पोथ्यांतली इंग्रजी

ब्रिटिश अमदानीत आपल्याकडे बड्या साहेबाला ‘लाटसाहेब’ म्हणत. हा ‘लाट’ म्हणजे ‘लॉर्ड’. फौजफाटा, दरबार, सलामीच्या तोफा, सगळं आपल्या पणजोबांना त्या दोन अक्षरांत दिसत असे. इंग्लंडात हा शब्द घडला तेव्हा मात्र त्यात यातलं काहीच नव्हतं. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘ह्लाफ’ म्हणजे पाव आणि ‘वेआर्ड’ म्हणजे राखणदार. दोन्ही मिळून ‘ह्लाफोर्ड’ झाला आणि तोच झिजत झिजत ‘लॉर्ड’ झाला. ज्याच्या कोठारातल्या धान्यावर घरची-दारची माणसं जगतात, तो धनी. ‘लेडी’च्या पोटातही तोच ‘ह्लाफ’ आहे. उरलेला भाग कणीक मळण्याशी जोडला जातो. आणि धन्याच्या घरी राबून तिथेच जेवणारा गडी म्हणजे ‘ह्लाफएटा’, पाव खाणारा. आपण खाल्ल्या मिठाला जागतो, ती माणसं पावाला जागत.

आज हे कुठल्याही बऱ्या इंग्रजी कोशात सापडतं. इतकं सहज सापडतं, की भाषेनं आपली कागदपत्रं आपणच जपून ठेवली असं वाटावं. तसं झालेलं नाही. मधल्या काही शतकांत ही जुनी इंग्रजी वाचता येणारं माणूस इंग्लंडात जवळजवळ उरलं नव्हतं. तिच्या पोथ्या फाडल्या गेल्या, रद्दीत गेल्या, पाण्यात पडल्या, जळाल्या. त्यातून जे वाचलं, त्यातलं बरंचसं मोजक्या माणसांनी हातानं उतरवून ठेवलं म्हणून वाचलं. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात भाषेची सेवा नव्हतीच. कुणाला धर्माच्या वादात पुरावा हवा होता, कुणाला जुना कायदा, कुणाला आपल्या देशाचा पराक्रम. शब्द त्यांच्यामागून आले.

‘ह्लाफएटा’चंच पाहा. हा शब्द केंटचा राजा एथेलबर्ट याच्या कायद्यात येतो. सातव्या शतकाच्या सुरुवातीचा हा कायदा म्हणजे इंग्रजीत रचलेला, आज आपल्या हाती असलेला सर्वांत जुना मजकूर मानतात. तो आहे नुकसानभरपाईचा तक्ता. अंगठा तोडला तर 20 शिलिंग, मधलं बोट तोडलं तर 4, करंगळीला 11. अनामिकेला तिथे ‘सोन्याचं बोट’ म्हटलं आहे, तिचे 6 शिलिंग. आणि शेतकऱ्याच्या ‘ह्लाफएटा’ला कुणी ठार मारलं तर धन्याला द्यायचे तेही 6 शिलिंगच. त्या समाजाची उतरंड समजायला एवढी एक नोंद पुरते. हा सगळा कायदा एकाच पोथीत शिल्लक आहे, आणि तीही राजाच्या काळातली नव्हे. तब्बल पाचशे वर्षांनंतर, 1120 च्या दशकात, रॉचेस्टरच्या एका लेखनिकानं ती नक्कल केली. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ही पोथी बोटीतून नेताना नदीत पडली. वेळीच बाहेर काढली म्हणून ‘सोन्याचं बोट’ आपल्यापर्यंत आलं.

नक्कल असली तरी अर्थ कसा कळायचा? त्याचं उत्तर बहुतेक वेळा लॅटिनमध्ये मिळतं. ‘लिंडिसफार्न गॉस्पेल्स’ या नावाची देखणी लॅटिन पोथी आठव्या शतकाच्या सुरुवातीची. दहाव्या शतकात चेस्टर-ली-स्ट्रीट इथल्या ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूनं तिच्या प्रत्येक लॅटिन शब्दाच्या डोक्यावर, दोन ओळींच्या फटीत, बारीक अक्षरांत त्याचा इंग्रजी प्रतिशब्द लिहिला. लॅटिनमधल्या पावावर त्यानं लिहिलं ‘ह्लाफ’. अशा सुंदर पोथीवर कुणी गिचमिड करावी याचं एखाद्या कलाप्रेमीला वाईट वाटेल. मला त्या फटीतल्या अक्षरांपुढे मूळची वेलबुट्टी फिकी वाटते. लॅटिनचा अर्थ जगाला ठाऊक होता, म्हणून त्याच्या आधारानं इंग्रजीचा अर्थ पुढे कधीही लावता येणार होता.

आणि तो लावावा लागणारच होता, कारण शब्द जागचे हलले होते. जुन्या इंग्रजीतला ‘ड्रेआम’ म्हणजे आनंद, गाणं-बजावणं. आजच्या ‘ड्रीम’मधलं स्वप्न त्यात नाही. ‘डेओर’ म्हणजे कोणतंही जनावर, नुसतं हरीण नव्हे. ‘मेटे’ म्हणजे कसलंही अन्न. ‘स्टेओरफान’ म्हणजे मरणं, मग ते भुकेनं असो वा तलवारीनं. ‘सॅलिग’ म्हणजे दैवाची कृपा असलेला. तोच शब्द आधी निष्पाप, मग बिचारा आणि शेवटी मूर्ख अशा पायऱ्या उतरत आजचा ‘सिली’ झाला. ‘क्निख्त’ आणि ‘क्नाफा’ या दोन्हींचा अर्थ मुलगा, पोरगा. एकाचा ‘नाइट’ होऊन तो घोड्यावर बसला, दुसऱ्याचा ‘नेव्ह’ होऊन तो लबाड ठरला. आजच्या अर्थानं जुनी पोथी वाचायला जाल तर ओळीओळीला फसाल.

1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात फ्रेंच आली, लिखापढीत लॅटिन पक्की झाली. जुनी इंग्रजी एका दिवसात मेली नाही. पीटरबरोच्या मठात इंग्रजीतली बखर लिहिणं चालूच होतं. तिची शेवटची नोंद 1154 सालची. त्यानंतर बोलली जाणारी इंग्रजी इतकी बदलली, की तेराव्या शतकातल्या साधूला आपल्याच मठातली, आपल्याच भाषेतली पोथी परकी वाटू लागली.

असाच एक साधू वुस्टरला होता. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. अभ्यासक त्याला ‘थरथरत्या हाताचा लेखनिक’ म्हणतात, कारण त्याचं अक्षर पाहताक्षणी ओळखू येतं: मोठं, डावीकडे कललेलं आणि प्रत्येक उभ्या रेघेला लहानशी लाट. अलीकडे मेंदूविकारतज्ज्ञांनी त्याचं अक्षर तपासून हा हातांच्या कंपाचा विकार असल्याचं मत दिलं आहे. या माणसानं वुस्टरच्या ग्रंथालयातल्या सुमारे 20 जुन्या पोथ्या हाती घेतल्या आणि अडलेल्या शब्दांवर, बहुतेक लॅटिनमध्ये, अर्थ लिहीत गेला. अशा सुमारे 50,000 टिपा त्याच्या हातच्या आहेत. ज्याला टाक सरळ धरता येत नाही अशा माणसानं ओळींमधल्या बोटाएवढ्याही नसलेल्या जागेत पन्नास हजार वेळा टाक टेकवला. एकाच पोथीकडे तो पुन्हा पुन्हा वळला. कंपाच्या कमी-जास्त प्रमाणावरून त्याच्या टिपांचे थर आज वेगळे काढता येतात. जुन्या इंग्रजीतला नामवंत लेखक एल्फ्रिक याच्या व्याकरणाची त्यानं नक्कल केली. शिवाय एक छोटा मजकूर उतरवून ठेवला, ज्यात जुन्या इंग्लिश गुरूंची नावं घेऊन म्हटलं आहे, की ते आपल्या लोकांना आपल्या भाषेत शिकवत, आता ती शिकवण राहिली नाही. या नकलेची पानं पुढे कुणीतरी कापून दुसऱ्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात भरली. एकोणिसाव्या शतकात तो पुठ्ठा उसवल्यावर ती बाहेर आली.

त्याच्यानंतर तीनेकशे वर्षं फारसं काही घडलं नाही. एक्सेटरच्या कॅथीड्रलला बिशप लिओफ्रिकनं अकराव्या शतकात दिलेलं इंग्रजी काव्याचं मोठं बाड तेवढ्या काळात कुणी मन लावून वाचल्याची खूण नाही. वापरल्याच्या खुणा मात्र भरपूर आहेत. त्याच्या पहिल्या पानावर सुरीचे वार आहेत, कारण ते कापायची पाटी म्हणून वापरलं गेलं. तिथेच ओल्या पेल्याचा गोल डाग आहे. शेवटच्या चौदा पानांमधून जळका निखारा आरपार गेला आहे.

मग 1536 ते 1540 या चार वर्षांत आठव्या हेन्रीनं मठ मोडले. मठांबरोबर ग्रंथालयंही वाऱ्यावर गेली. जॉन बेल हा लेखक स्वतः मठांचा कडवा विरोधक. तोसुद्धा 1549 साली कळवळून लिहितो, की मठ विकत घेणारे लोक पोथ्यांच्या पानांनी बूट नि समया पुसतात, वाण्यांना आणि साबणवाल्यांना पुड्या बांधायला विकतात, जहाजंच्या जहाजं भरून परदेशी बांधणीवाल्यांकडे पाठवतात.

जुनी इंग्रजी वाचली ती यानंतर पेटलेल्या धर्माच्या भांडणामुळे. वाद पावाचाच होता. चर्चमध्ये प्रसाद म्हणून दिलेला पाव खरोखर ख्रिस्ताचं शरीर होतो की पावच राहतो? कॅथलिक म्हणत, शरीर होतो, आणि हीच जुनी श्रद्धा आहे. कँटरबरीचे आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांना दाखवायचं होतं, की इंग्लंडचं जुनं चर्च असं मानत नव्हतं. पुरावा त्यांना एल्फ्रिकच्या ईस्टरच्या प्रवचनात सापडला. ते होतं दहाव्या शतकाच्या अखेरचं आणि जुन्या इंग्रजीतलं. 1566 च्या सुमारास लंडनचा मुद्रक जॉन डे यानं त्यासाठी जुन्या लिपीचे खिळे खास पाडून घेतले आणि जुनी इंग्रजी पहिल्यांदा छापली गेली. प्रवचन पोथीबरहुकूम छापलं आहे अशी ग्वाही देऊन बिशपांनी खाली सह्या केल्या. त्याच पुस्तकात एल्फ्रिकच्या पत्रातल्या लॅटिन ओळी आहेत. वुस्टरच्या पोथीतून त्या कुणीतरी मुद्दाम खरवडून काढल्या होत्या; पार्करांच्या माणसांनी एक्सेटरहून आलेल्या दुसऱ्या प्रतीवरून त्या भरून काढल्या. या पार्करांची लाल खडूची खूण आजही पोथ्यापोथ्यांत दिसते. त्यांच्या मंडळींनी पानं इकडची तिकडे केली हेही खरं, आणि आजचा ग्रंथपाल त्याबद्दल त्यांना माफ करणार नाही. पण त्यांनी त्या पोथ्या केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात नेऊन ठेवल्या नसत्या, तर ग्रंथपालाकडे तक्रार करायलाही काही उरलं नसतं.

त्याच काळात लंडनला राणीचा मंत्री विल्यम सेसिल याच्या घरी लॉरेन्स नॉवेल नावाचा तरुण विद्वान राहत होता. 1563 साली त्यानं एका पोथीच्या पहिल्या पानावर आपलं नाव आणि साल घातलं. जिच्यामुळे पुढे जुन्या इंग्रजीला जगभर कीर्ती मिळाली ते ‘बेओवुल्फ’ काव्य त्याच पोथीत आहे, आणि त्याची दुसरी प्रत जगात नाही. नॉवेलनं जुन्या इंग्रजीचा पहिला कोश रचला. तो मूळचा लँकशरचा. लंडनमध्ये मेलेले काही शब्द आपल्या मुलखात म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहेत हे त्याला ठाऊक होतं. असा शब्द आला की तो शेजारी लँकशरची नोंद करी. पोथीतला शब्द जिवंत बोलीशी ताडून पाहायचा ही दृष्टी त्याला सोळाव्या शतकात होती, आणि मला ती पार्करांच्या छापील प्रवचनापेक्षा मोठी वाटते. 1567 मध्ये आपले कागद मित्र विल्यम लँबार्डच्या हवाली करून तो युरोपात गेला आणि परत आलाच नाही. लँबार्डनं त्यातून जुने कायदे दुसऱ्याच वर्षी छापले. कोश छापायला 1952 साल उजाडावं लागलं. तोवर 1659 मध्ये कँटरबरीच्या विल्यम सोम्नरनं आपला कोश काढून पहिल्या छापील कोशाचा मान मिळवला होता.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या विद्येत एक बाई आली. एलिझाबेथ एलस्टॉब, जन्म 1683, न्यूकॅसल. आईवडील लहानपणीच गेले. सांभाळ करणाऱ्या काकांचं मत होतं, की बाईला एक भाषा पुष्कळ झाली. ती आठ भाषा शिकली. भावाबरोबर लंडनला राहून तिनं एल्फ्रिकचं एक प्रवचन 1709 साली अनुवादासह छापलं. मग जुन्या इंग्रजीचं व्याकरण हाती घेतलं. त्याआधीची व्याकरणं लॅटिनमध्ये होती, म्हणजे ज्यांना शाळा-कॉलेज मिळालं त्यांच्यासाठीच. लॅटिन न शिकवलेल्या मुलींनाही शिकता यावं म्हणून तिनं ते चालू इंग्रजीत लिहिलं. 1713 मध्ये मुद्रक विल्यम बॉयर यांचा छापखाना जळाला आणि जुन्या लिपीचे खिळे वितळले. सरन्यायाधीश लॉर्ड पार्कर यांनी तिच्या पुस्तकासाठी नवे खिळे स्वखर्चानं करून दिले, आणि 1715 साली व्याकरण बाहेर पडलं. त्याच्या प्रस्तावनेत तिनं जोनाथन स्विफ्टसारख्या दबदब्याच्या लेखकाला सडेतोड उत्तर दिलं आहे; जुनी इंग्रजी ओबडधोबड आणि एकाक्षरी शब्दांनी खडबडीत आहे हा आरोप तिनं कवितेची उदाहरणं देऊन खोडून काढला.

त्याच वर्षी भाऊ वारला. छपाईचं कर्ज डोक्यावर. ती लंडनमधून निघून गेली, नाव बदलून ईव्हशॅम या गावी राहिली आणि लहान मुलांची छोटी शाळा चालवू लागली. तिचे कागद आणि पुस्तकं ज्या ओळखीच्या बाईकडे ठेवली होती ती परदेशी गेली, आणि त्यांचा पत्ता पुन्हा लागला नाही. पुढे तिला शोधून काढलं ते कुणा प्राध्यापकानं नव्हे. बायकांचे कपडे शिवणारा जॉर्ज बॅलर्ड शिवणकाम सांभाळून रात्री स्वतःच जुनी इंग्रजी शिकला होता. 1735 मध्ये तो तिच्यापर्यंत पोहोचला. शेवटची वर्षं तिनं पोर्टलंडच्या डचेसच्या मुलांना शिकवण्यात घालवली. 1756 मध्ये ती गेली. व्याकरणानंतर तिचं एकही नवं पुस्तक निघालं नाही. इंग्लंडनं आपल्या भाषेच्या या अभ्यासिकेला अक्षरशः वाया घालवलं.

ती ईव्हशॅमला असतानाच लंडनला आग लागली. सर रॉबर्ट कॉटन यांनी सतराव्या शतकात मठांतून विखुरलेल्या पोथ्या गोळा करून मोठं ग्रंथालय उभं केलं होतं. बहुतेक कपाटांवर एकेका रोमन सम्राटाचा अर्धपुतळा असे, आणि पोथीचा क्रमांक त्या सम्राटाच्या नावानं लागे. ‘बेओवुल्फ’ होतं व्हिटेलियसच्या कपाटात. घराण्यानं हा संग्रह राष्ट्राला दिला. आधीचं घर आगीच्या दृष्टीनं धोक्याचं म्हणून तो वेस्टमिन्स्टरच्या ॲशबर्नहॅम हाउसमध्ये हलवला. 23 ऑक्टोबर 1731 च्या पहाटे दोनच्या सुमारास तिथेच चुलाण्याच्या लाकडी तुळईनं पेट घेतला. ग्रंथपाल डॉक्टर बेंटली रात्रीच्या कपड्यांत, बायबलची एक अमोल ग्रीक पोथी काखेत मारून बाहेर पडले. कपाटं फोडून पोथ्या खिडकीतून खाली फेकण्यात आल्या. 958 पोथ्यांपैकी 114 नष्ट किंवा निकामी झाल्या आणि 98 खराब झाल्या, असा हिशेब पुढे संसदेच्या समितीनं दिला.

कातड्याचं पान कागदासारखं भुरकन जळत नाही. उष्णतेनं ते आक्रसतं, काठ काळे पडतात, पानांतला सरस सुटून ती एकमेकांना चिकटतात. पुढे हात लागेल तसतसे काठ ठिसूळ होऊन गळत राहतात आणि त्यांबरोबर अक्षरं.

या रात्री नकलांची किंमत कळली. 991 मधल्या माल्डनच्या लढाईवरचं काव्य ऑथोच्या कपाटात होतं; ते जळालं. पण आगीच्या काही वर्षं आधी त्याची नक्कल झाली होती आणि 1726 साली थॉमस हर्न यांनी ती छापलीही होती. आज आपण वाचतो ती त्या नकलेतली 325 ओळींची कविता. ऑथोच्याच कपाटातली आणखी एक पोथी जवळजवळ संपली. तिच्यातलं उपासाच्या दिवसांवरचं एक काव्य दुसरीकडे कुठेच नव्हतं. ते आपल्याला मिळतं ते लॉरेन्स नॉवेलनं 1562 मध्ये केलेल्या नकलेतून. नॉवेलचं कर्तृत्व इथे उजळून निघतं.

‘बेओवुल्फ’ होरपळलं, पण वाचलं. तरी काठ गळतच होते. 1786 मध्ये कोपनहेगनहून ग्रीमुर थॉर्केलिन आला. जन्मानं आइसलंडचा, डेन्मार्कच्या राजाच्या पदरी दप्तरदार. डेन्मार्कचे वीर असलेलं हे काव्य मुळात डॅनिशच आहे अशी त्याची खात्री होती. त्यानं एक नक्कल पैसे देऊन करवून घेतली आणि दुसरी स्वतः केली. पैसे घेऊन लिहिणाऱ्याला ती भाषा येत नव्हती. त्यामुळे त्यानं दिसलं तसं अक्षर काढलं; थॉर्केलिन मात्र अर्थ लावत, सुधारत लिहीत गेला. पाठ ठरवताना आज त्या अडाणी नकलेचं वजन मोठं आहे. 1807 साली इंग्रजांच्या आरमारानं कोपनहेगनवर तोफा डागल्या आणि थॉर्केलिनचं घर त्याच्या वर्षानुवर्षांच्या कामासकट जळालं. दोन्ही नकला वाचल्या. 1815 मध्ये त्यानं काव्य छापलं, चुकांनी भरलेलं. पण मूळ पोथीच्या काठांवरून नंतर गळून गेलेली दोन हजारांच्या आसपास अक्षरं आज या दोन नकलांतूनच भरता येतात. 1845 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये सर फ्रेडरिक मॅडन यांच्या देखरेखीखाली प्रत्येक पान कागदाच्या चौकटीत बसवलं, तेव्हा ही गळती थांबली.

नंतरची कथा कोशांची. जोसेफ बॉसवर्थ यांचा कोश 1838 मध्ये आला. त्यांच्या मृत्यूनंतर मँचेस्टरच्या टी. एन. टॉलर यांनी तो 1898 मध्ये नव्यानं पुरा केला आणि 1921 मध्ये पुरवणी जोडली. आज अशा कोशांत एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थ छातीठोकपणे छापलेला असतो, त्याच्या मुळाशी बरेचदा ओळींच्या फटीतली एखादी टीप असते किंवा आगीआधी कुणी केलेली एखादी नक्कल. वुस्टरच्या त्या थरथरत्या हाताला आणि ज्याला भाषाही येत नव्हती त्या भाडोत्री लेखनिकाला इंग्रजीच्या इतिहासात मोठमोठ्या संपादकांच्या बरोबरीनं जागा मिळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या इंग्रजीत लिहिलेलं जेवढं म्हणून शिल्लक आहे ते सगळं मिळून सुमारे 30 लाख शब्द भरतं. कॅनडात टोरांटो विद्यापीठात 1970 च्या सुमारास त्या सगळ्या मजकुरावरून नवा कोश रचायला सुरुवात झाली. ‘एच’पर्यंतचा भाग प्रसिद्ध व्हायला 2016 साल उजाडलं, आणि पुढच्या अक्षरांचं काम अजून चालू आहे.